पावणी

१ सप्टेंबर २०२४ रोजी आमची मांजर कायदेशीर झाली आणि २०२५च्या फेब्रुवारीत ती गेली. हे शेवटचे काही महिने सोडले तर तिचं सगळं आयुष्य बेकायदा गेलं. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींमध्ये, म्हणजे एचडीबीच्या फ्लॅटांत, मांजर पाळायला १९८९पासून बंदी होती. ठरावीक छोट्या जातीचा एक कुत्रा चालायचा, मासे चालायचे, मांजर नाही. कारण काय, तर मांजर घरात थांबत नाही, केस गाळते आणि रात्री ओरडते. आमच्याच मजल्यावर कराओके गाणारं एक कुटुंब होतं. त्यांना कसलीही बंदी नव्हती.

ती गेल्यावर लेकीनं विचारलं, "आई, आपण तिला एकदाही मळ्यावर का नाही नेलं?" लेक इथंच वाढली, पण मळ्याला ती मळाच म्हणते. मी सांगितलं, नेता आलं असतं एक वेळ, परत आणणं अवघड. भारतातून येणाऱ्या जनावराला इथं रेबीजच्या भीतीनं विलगीकरणात ठेवतात, आणि त्याआधी कागदांचा गठ्ठा लागतो. जी मांजर कागदावर नाहीच, तिचे कागद कुठून काढायचे? "पण मग तात्याआजोबांनी तिला कधी बघितलंच नाही," लेक म्हणाली. ते मात्र खरं नव्हतं. तात्यांनी तिला बघितलं होतं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती आणि माजघरात गोधडी ओढून गाढ झोपली होती, म्हणून तिला ठाऊक नाही. त्या रात्रीचं तिला सांगायचंच राहिलं होतं. सांगायला बसले आणि सगळंच आठवत गेलं.

आमची मरीन परेडची इमारत जिथं उभी आहे तिथं साठ वर्षांपूर्वी समुद्र होता. १९६६पासून पुढे जवळपास वीस वर्षं सिगलाप आणि टॅम्पनीसकडच्या टेकड्या कापून, ती माती पट्ट्यांवरून वाहून आणून समुद्र मागे लोटला. ईस्ट कोस्ट पार्क, कडेचा महामार्ग, आमची अख्खी वसाहत, सगळं त्या भरावावर. मी हे मळ्यावर सांगितलं तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, बराच वेळ विचार करून विचारलं, "डोंगराची माती व्हय? मग त्यात उगवतंय काय?"

"बिल्डिंगी, तात्या."

"मग बरं हाय. पानी पाजायला नको."

पावणी २०१२मध्ये आली. पहाटेची वेळ, सुमात्राकडून येणारं वादळ इमारतीवर आदळत होतं, आणि शेजारच्या आंटी दारात उभ्या. आंटी जुन्या कातोंगच्या, पेरानाकन घराण्यातल्या. खालच्या मोकळ्या मजल्यावरच्या मांजरांना त्या रोज खाऊ घालायच्या. हातात टॉवेल आणि टॉवेलात मांजर. डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली. शेपूट मध्येच मोडून एका बाजूला वळलेलं. इथल्या रस्त्यावरच्या मांजरांची शेपटं अशी जन्मजातच असतात. "टू डेज ओन्ली," आंटी म्हणाल्या. त्यांच्या घरात आधीच दोन होत्या, तेवढा गुन्हा त्यांना पुरेसा वाटत असावा.

माझा नवरा पुण्याचा. नियम मोडायचा म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. सिंगापूर त्याला मानवलं ते उगाच नाही. त्यानं त्याच सकाळी दंड शोधून काढला. चार हजार डॉलरपर्यंत. "ही आपली नाही," त्यानं मला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं, "ही पाहुणी आहे. कुणी विचारलं तर पाहुणी." माझ्या तोंडात पाहुणीची पावणी झाली आणि तेच नाव पडलं. दोन दिवसांनी आंटी विचारायला आल्या तेव्हा नवऱ्यानंच दार उघडलं आणि पाऊस अजून थांबलेला नाही असं सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

खिडक्यांना जाळी बसवली. जाळीवाल्याला सांगितलं, कबुतरांचा त्रास होतो. बेल वाजली की पावणी कपाटात जाऊन बसायची. हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं. मीटर बघायला माणूस आला, रंगवाले आले, तिचा एक केसही कुणाला दिसला नाही. "हिला कायदा कळतो, तुला कळत नाही," नवरा मला म्हणायचा. जवळच्या खासगी इमारतींत मांजर ठेवायला मनाई नव्हती, तेव्हा आपण तिकडे भाड्यानं जाऊ, असं त्यानं दोनदा सुचवलं. मी ऐकलं नाही. समुद्र दिसणारं स्वतःचं घर सोडून मांजरासाठी भाडं भरायचं, हे मला पटत नव्हतं. शिवाय मांजर ठेवण्यात चूक काय आहे तेच मला समजत नव्हतं, आणि जे समजत नाही त्यासाठी जागा बदलायची आमच्या घरात रीत नाही. हे पुढे तात्यांच्या बाबतीतही येईलच.

तिचा एक नाद होता. जुन्या एचडीबी घरांत स्वयंपाकघरातच कचऱ्याचा शूट असतो. भिंतीत लोखंडी झाकण, ते ओढायचं, पिशवी टाकायची, आणि ती अंधारातून थेट तळमजल्यावर. एकावर एक असलेल्या सगळ्या घरांचा शूट एकच. वरच्यांचा कचरा आमच्या भिंतीतून जातो. पावणी रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला त्या झाकणासमोर जाऊन बसायची, कान लावून. मेजवानीला बसल्याचा थाट नाही, उंदराची वाट बघणं नाही, नुसतं ऐकणं. वरून काही निघालं की तिचं डोकं आधी वर, मग जाणाऱ्या आवाजाबरोबर हळूहळू खाली. बाटल्या गडगडत गेल्या की एक कान मागे. जड, ओल्या पिशवीचा धप्प आवाज तिला आवडायचा नाही. जूनमध्ये दुरियानच्या काटेरी सालींचा वेगळाच खरखराट यायचा, मागून तो वास, आणि ती शिंकायची पण हलायची नाही. चिनी नववर्षाच्या आधी लोक घरं साफ करतात, त्या दिवसांत तिला झोप मिळायची नाही. अकराच्या पुढे वरच्या कुठल्यातरी मजल्यावरून रोज एकच छोटी वस्तू पडायची, टिक टिक टिक करत. ती काय असेल यावर आम्ही जेवताना पैजा लावायचो. ती पडली की पावणी उठायची, आळस द्यायची आणि झोपायला जायची. त्याआधी कितीही हाका मारा, उचलून न्या, परत तिथंच.

नवरा म्हणायचा, ही मागच्या जन्मी टेलिफोन ऑपरेटर होती. मला वाटायचं, बाहेर जाता येत नाही तर निदान बाहेरच्यांचं ऐकावं, एवढंच असेल. पण मांजराच्या मनातलं आपण काय सांगावं.

आता मळा. शिरोळ तालुक्यात, कृष्णेपासून फार लांब नाही. थोडा ऊस, एक विहीर, घर आणि घरापेक्षा मोठा गोठा. तात्या, काकी, दोन चुलतभाऊ, त्यांच्या बायका, पोरं, आणि वस्तीवरची भावकी. आमच्याकडे बेंदूर कर्नाटकी, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला, आणि सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये सुट्टी. म्हणून दरवर्षी आमचं येणं बेंदरालाच व्हायचं. मुंबईला उतरायचं, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरज, तिथून चुलतभावाच्या जीपमधून. आदल्या संध्याकाळी खांदमळणी, तूप-हळद लावून बैलांचे खांदे चोळायचे. सणाला शिंगं घासून हिंगूळ लावायचा, बेगड चिकटवायची, गोंडे, झूल. दुपारी पुरणपोळीचा घास आधी बैलाला, मग माणसांना. संध्याकाळी वेशीत कर तोडायला गर्दी. ज्यांच्या घरी बैल राहिले नाहीत ते कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात. तशी घरं दरवर्षी वाढत होती.

या सगळ्यात माझ्या नवऱ्याचं काय करायचं हे मळ्यावर कुणालाच कळलेलं नव्हतं. त्याला खुर्ची देत. चहा दोनदा देत. तात्या त्याला "पावणं" म्हणायचे आणि तब्येत विचारायचे; मग दोघंही बैलांकडे बघत बसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत त्यानं तात्यांना ठिबक सिंचनाचे फायदे समजावून सांगितले होते. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्यानंतर शेतीचा विषय दोघांत कधी निघाला नाही.

२०१९चा बेंदूर. पाऊस लांबलेला, रानं तापलेली. १६ जूनला रविवार, वटपौर्णिमा, आणि मँचेस्टरला भारत-पाकिस्तान सामना. सोप्यात टीव्ही लावलेला, वस्तीवरची पोरं, बापे, पाव्हणेरावळे सगळे तिथंच. रोहित शर्मानं १४० केल्या. मधेच मँचेस्टरला पाऊस आला आणि खेळ थांबला तेव्हा तात्या म्हणाले, "बघा, तिकडं खेळात पडतोय, हितं रानात न्हाई."

नऊच्या सुमाराला आंटींचा फोन आला. सिंगापुरात साडेअकरा वाजून गेले होते. किल्ली त्यांच्याकडेच असायची. दार उघडलं आणि पायातून काहीतरी सटकलं, एवढंच त्यांना सांगता येत होतं. फोन नवऱ्यानं घेतला होता. तो सोप्यात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "पावणी हरवली?"

झालं. दोन पोरं अंगणात ओरडत सुटली, "पावणी हरवली, पावणी हरवली!" सणाचा दिवस, वस्तीवर प्रत्येक घरात दोन-चार पाव्हण्या आलेल्या. कुणाची पावणी हे विचारायला कुणी थांबलं नाही. बायका आपापल्या घरच्या मोजू लागल्या. बॅटऱ्या निघाल्या. चार तरुण पोरं आधी विहिरीकडे पळाली, कारण मळ्यावर माणूस दिसेना की पहिल्यांदा विहीर बघतात. एकानं ट्रॅक्टर सुरू करून दिवे उसावर टाकले. आणि दुर्दैव असं की चुलतवहिनीची बहीण, जी खरोखरच पाहुणी होती, ती खरोखरच जागेवर नव्हती. पलीकडच्या वस्तीवर मोठा टीव्ही होता, तिकडे सामना बघायला गेली होती. तिला शोधून आणली, सगळ्यांसमोर उभी केली, वहिनी रडली, मग तिला बोलणी बसली. ती बिचारी म्हणत राहिली, "मी हरवली न्हवती!"

या गोंधळात मी सगळ्यांना सांगायचा प्रयत्न करत होते की पावणी म्हणजे मांजर, आणि हरवली आहे ती सिंगापुरात. शेवटी एका क्षणी सगळे गप्प झाले आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. आधी एक पोरगा हसला, मग सगळे. तात्या हसले नाहीत.

"किती वर्सं हाय तुमच्यात?"

"सात, तात्या."

"म्हंजे घरातलीच की," असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टर बंद करायला सांगितला.

सामना बाराच्या आसपास संपला, भारत जिंकला, फटाके उडाले, आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे सगळे घरी गेले नाहीत. निम्मे बसून राहिले. दर अर्ध्या तासानं आंटींचा फोन यायचा आणि वस्तीवरची माणसं मान पुढे करून ऐकायची. आंटी आणि त्यांचा मुलगा एकेक मजला चढत होते. हाक मारायची तीही हळू आवाजात, कारण मांजर हरवली असं ओरडून सांगायची सोय नव्हती. चिठ्ठी लावली तर त्यावर घराचा नंबर टाकावा लागणार. त्यांना नावही धड म्हणता येत नव्हतं. "पाओनी, पाओनी" असा त्यांचा दबका आवाज आमच्या सोप्यात फोनमधून ऐकू यायचा. मग त्यांनी ती गोष्ट बोलून दाखवली जी मी मघापासून मनात येऊ देत नव्हते. त्यांच्या हातून स्वयंपाकघरातल्या शूटचं झाकण उघडं राहिलं होतं. म्हणजे ती बाहेरच गेली असेल असं नाही.

नवरा उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही तेव्हा मी पाणी घेऊन गेले. तो गोठ्यात, गव्हाणीच्या कडेला बसला होता आणि शेजारी तात्या. मी कडब्याच्या गंजीपाशीच थांबले. नवरा रडत होता. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. तो तात्यांना सांगत होता की आता सरळ तिथल्या कार्यालयाला फोन करतो, मांजर आमचीच आहे म्हणून सांगतो, काय चार हजार डॉलर व्हायचे ते होऊ देत, पण शूट उघडून बघा म्हणतो.

"आजून उजाडाय लई येळ हाय," तात्या म्हणाले. "आत्ता कोन फोन उचलनार?" मग थोड्या वेळानं, "त्यो बघ, सर्जा."

सर्जा म्हणजे पलीकडे बसलेला म्हातारा बैल. त्या वर्षी त्याच्या शिंगांनाही हिंगूळ लावला होता, पण मिरवणुकीला नेलं नव्हतं. तात्या बोलत राहिले, मधे मधे थांबून. पूर्वी बैल थकला की बाजाराला घालायचो. वाईट वाटायचं न वाटायचं, सवयच होती, त्यात पैशाची भर घालून नवा यायचा. २०१५ला राज्यात कायदा झाला, गाईबरोबर बैलाचीही कत्तल बंद, मग थकलेला बैल घ्यायला बाजारात माणूसच मिळेना. दोनदा नेला, दोनदा परत आणला. "पहिल्या वर्साला मला त्येचा रागच यायचा. काम न्हाई, धाम न्हाई, वैरन खातोय. सकाळी तोंड बघू ने असं वाटायचं. आता मी उटून भायेर आलो न्हाई तर हंबरतोय. लेकरं बी इतकी वाट बघत न्हाईत."

"मग आता कायदा उठवला तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर काय? त्यो काय आता बाजाराचा राह्यलाय व्हय?" तात्यांनी तंबाखू मळली. "तुमच्याकडं मांजर ठेवायची बंदी, आमच्याकडं बैल काढायची बंदी. सरकारला जनावरातलं काय कळतंय? आन् आपल्याला तरी काय कळतंय म्हना."

मी तशीच मागे फिरले. पाणी नंतर पोराबरोबर पाठवलं.

आमच्याकडची सव्वाचार म्हणजे सिंगापूरची पावणेसात. शेतीची लाइट रात्रीची होती त्या आठवड्यात, त्यामुळे तात्यांचा मोटारीकडे एक फेरा झालाच होता. आंटींनी व्हिडिओ कॉल लावला. तळमजल्यावर शूटचा कचरा जिथं साठतो त्या खोलीचं दार उघडायला आलेला कामगार तमिळनाडूचा होता, आणि आंटींनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, तो मोबाइलचा दिवा लावून प्रत्येक पिशवी हातानं बाजूला करत होता. फोन नवऱ्याच्या हातात, त्याच्या खांद्यावर तात्यांची हनुवटी, मागे काकी, चुलतभाऊ, ती हरवलेली खरी पाहुणी. पिशव्या, भाजीचे देठ, दुरियानची सालं, एक फुटका पंखा. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सिंगापूर बघितलं ते हे.

"ह्येच व्हय सिंगापूर?" काकींनी विचारलं.

मांजर नव्हती. कामगारानं दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर पसरून दाखवले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. नवरा मटकन खाली बसला.

आणि मग आंटींचा मुलगा वरून ओरडला. आमच्या बरोबर पाच मजले वर, त्याच बाजूच्या त्याच घरात, एक मलाय काका राहायचे. पहाटे मशिदीत जायला त्यांनी दार उघडलं तेव्हा दारात एक मांजर बसलेली. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. सरळ आत गेली, बैठकीतून उजवीकडे वळली, स्वयंपाकघरात शिरली आणि शूटसमोर जाऊन बसली. सगळ्या मजल्यांवर दारं सारखी, व्हरांडे सारखे, आतली रचना सारखी. ती रात्रभर आपल्याच घराचं दार उघडायची वाट बघत होती. काकांनी तिला दूध दिलं, मशिदीत जाऊन आले, ती तिथंच. ईद होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, घरात तोरणं तशीच होती. त्यांनी आंटींना बसवून बिस्किटं खायला घातली आणि मगच मांजर दिली.

आंटींनी फोन स्वयंपाकघरात नेला. पाठमोरी पावणी, झाकणाला कान लावून. वरच्या माळ्यावरचा कचरा आता तिला जवळून ऐकू येत असणार.

"ही आपलीच," तात्या ठामपणे म्हणाले. "शेपूट बघा की." त्यांना शेपटाचं केव्हा सांगितलं होतं, मला आठवत नाही. मघाशी गोठ्यातच सांगितलं असेल.

त्यानंतर कुणी झोपलं नाही. काकींनी चहा टाकला. नवऱ्याला त्या दिवशी खुर्ची कुणी दिली नाही आणि चहाही एकदाच मिळाला. परत निघताना तात्यांनी त्याला नावानं हाक मारून, जीपमध्ये बॅगा कशा रचाव्यात हेही कळत नाही का, असं विचारलं. पुढची सगळी वर्षं ते त्याची अशीच उणीदुणी काढत आले.

ऑगस्टात महापूर आला. कृष्णा-पंचगंगेनं तालुका बुडवला, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची खूण ४३ फुटांची, तिथं पाणी ५५च्या वर. बोट आली तेव्हा तात्या बसायला तयार नाहीत. बैल सोडून येत नाही म्हणून अंगणात उभे. इकडे मरीन परेडला नवरा दोन रात्री फोनवर होता, मदतकेंद्राचा नंबर लागला की सांगायचा, "दोन माणसं, तीन बैल, एक म्हैस." तिकडचा माणूस माणसांचंच विचारायचा, हा सगळी यादी म्हणायचा. शेवटी पाणी गुडघ्यावर असतानाच चुलतभावांनी जनावरं चालवत उंचावरच्या शाळेत नेली आणि मागून तात्या गेले. मी तात्यांवर चिडले होते. नवरा म्हणाला, "त्यांचं बरोबरच आहे." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

मग करोना. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये इथं सगळे घरात कोंडलेले, शूट दिवसभर वाजत होता, आणि पावणी ड्यूटी करून करून वाळली. त्याच सुमाराला तिला कमी ऐकू यायला लागलं असावं. आम्हाला कळलं नाही, कारण साडेनऊला ती तिथंच असायची. नंतर लक्षात आलं की ती आता कान लावत नाही, हनुवटी झाकणावर टेकवते. लोखंड थरथरतं ते तिला पुरत होतं.

सर्जा २०२१ला गेला. आम्हाला जाता आलं नाही.

२०२४च्या जूनमध्येही बेंदराला गेलो नाही, पावणी थकली होती म्हणून. त्याच जूनमध्ये पासिर पांजांगला एक गाळकाढणी जहाज तेलाच्या जहाजावर आदळलं, चारशे टन तेल समुद्रात सांडलं आणि ईस्ट कोस्टचे किनारे बंद झाले. घरात तेलाचा वास यायचा. दुरियानला शिंकणारी ही, तिला याचं काही नव्हतं. सप्टेंबरात कायदा बदलला. एका फ्लॅटमध्ये दोनपर्यंत मांजरं चालतील, फक्त परवाना काढा. परवाना फुकट होता, पण पहिल्यांदा काढणाऱ्यानं मांजर कशी पाळावी याचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायचा. बारा वर्षं मांजर पाळलेल्या माझ्या नवऱ्यानं तो वहीत टिपणं काढत पूर्ण केला. अर्ज भरताना ती केव्हापासून आहे ते त्यानं खरं सांगायचं ठरवलं, मी नको म्हणत असताना. काहीतरी चौकशी होईल म्हणून तो आठवडाभर तयारीत होता. कुणी काही विचारलं नाही. त्याला थोडं वाईटच वाटलं.

ती गेली तेव्हा मी ऑफिसात होते. नवरा घरी होता. त्यानं आधी मला फोन केला नाही, तात्यांना केला. हे मला तात्यांकडूनच कळलं.

आंटी नवं पिल्लू घेऊन दोनदा आल्या. आता दोन चालतात, कायदा आहे, असं त्यांनी मला सांगितलं. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. दुरुस्तीवाल्यांनी शूटचं गंजलेलं झाकण बदलून देतो म्हटलं, त्यालाही नको म्हटलं. नवरा म्हणतो, मी अगदी तात्यांवर गेले आहे. तसं काही नाही. झाकण व्यवस्थित लागतं, मग बदलायचं कशाला?

गेल्या जूनमध्ये मळ्यावर गेलो. गोठ्यात आता बैल नाही, ट्रॅक्टर उभा असतो, म्हणून आमच्याही घरी मातीचीच जोडी. तात्या ऐंशीच्या पुढे गेलेत, पण कुंभाराकडे स्वतः गेले आणि जोडीबरोबर एक मांजर करून मागितलं. कुंभारानं आयुष्यात मांजर केलेलं नव्हतं. जे झालं ते थोडं डुकरासारखं दिसत होतं आणि शेपूट सरळ होतं. माती अजून ओली होती, म्हणून तात्यांनी पाटावर बसून शेपूट वाकवलं. नवरा म्हणाला, चुकीच्या बाजूला वाकवलं. तात्या म्हणाले, डावीकडंच होतं, मी सोता बघितलंय. नवरा म्हणाला, तेरा वर्षं माझ्या घरात होती ती. "मग तेरा वर्सं बघितलं काय तू?" तात्यांनी विचारलं. लेकीच्या फोनमध्ये पावणीचे शेकडो फोटो होते, पण दोघांपैकी कुणीही ते मागितले नाहीत. शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे झालं, आणि तिसऱ्यांदा हातात आलं.

काकींनी पुरणपोळीचं ताट आणून ठेवलं आणि तिघांच्याही तोंडाशी एकेक घास लावला.

"काकी, मांजर पुरणपोळी खात नाही," नवरा म्हणाला.

"आन् मातीचा बैल खातोय व्हय रं?" काकी म्हणाल्या आणि त्याला कापूर लावायला सांगितला.